उपजत मृत्यू आणि गर्भपात : बाळाची सरकारी नोंद कशी करून घ्यावी

पोटातच गेलेल्या बाळाचीही सरकारदप्तरी नोंद होते, किंबहुना ती व्हायलाच हवी असे कायदा सांगतो, हे आपल्याकडे बहुतेक कुटुंबांना माहीत नसते. रुग्णालयातून घरी सोडतात, घरातली वडीलधारी माणसे काळजीपोटीच 'आता तो विषय नको' म्हणतात आणि नोंदीचा प्रश्न कुणी काढतच नाही. पुढे कधीतरी रजेच्या पगारासाठी कार्यालय कागद मागते किंवा नवे डॉक्टर आधीच्या बाळंतपणाची माहिती विचारतात, तेव्हा जुनी कागदपत्रे शोधण्याची धावाधाव सुरू होते. आमचे बाळ आठव्या महिन्यात गेले. त्यानंतर आम्हा दोघांना जी माहिती निरनिराळ्या खिडक्यांवर विचारत गोळा करावी लागली, ती इथे क्रमाने मांडली आहे. कायदा सगळ्या देशासाठी एकच आहे, मात्र कार्यालयांची नावे आणि प्रत्यक्ष पद्धत महाराष्ट्रातली दिली आहे. जे आई-वडील नुकतेच यातून गेले आहेत त्यांनी हा लेख स्वतः वाचण्याची सक्ती करून घेऊ नये. घरातल्या एखाद्या भावाने, बहिणीने, आत्याने किंवा मित्राने तो वाचून पुढची कामे केली तरी चालतील.

१. बाळाची नोंद कोणत्या प्रकारात बसते ते आधी ठरवा

सगळ्या गोष्टी या एका प्रश्नावर अवलंबून आहेत आणि सर्वाधिक गोंधळही इथेच होतो. 'जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९' या कायद्यात 'जन्म' या शब्दाच्या व्याख्येतच जिवंत जन्म आणि मृत जन्म असे दोन्ही येतात. मृत जन्मासाठी गरोदरपणाचे किमान २८ आठवडे पूर्ण झालेले असावे लागतात. महाराष्ट्रातल्या नोंदणी कार्यालयांत यालाच 'उपजत मृत्यू' म्हणतात, त्यामुळे खिडकीवर गेल्यावर हाच शब्द वापरा, म्हणजे समोरच्या माणसाला नेमकी कोणती नोंदवही काढायची ते लगेच कळते.

२८ आठवडे पूर्ण झाल्यानंतर बाळ मृतावस्थेत जन्मले असेल, तर त्याची नोंद उपजत मृत्यू म्हणून होते. तिच्यासाठी नमुना ३ हा अर्ज आणि नमुना ९ ही स्वतंत्र नोंदवही आहे.

बाळ जन्मल्यावर त्याने एकदाही श्वास घेतला असेल किंवा जिवंतपणाचे दुसरे कोणतेही लक्षण दाखवले असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो जिवंत जन्म आहे. मग बाळ पाच मिनिटेच जगले असो आणि गरोदरपण कितीही आठवड्यांचे असो, त्याने फरक पडत नाही. अशा बाळाच्या दोन नोंदी होतात, एक जन्माची नमुना १ वर आणि एक मृत्यूची नमुना २ वर, आणि आई-वडिलांना जन्माचा दाखला व मृत्यूचा दाखला असे दोन्ही मिळतात. काही ठिकाणी दोन अर्ज भरण्याऐवजी सरसकट उपजत मृत्यू लिहून मोकळे होतात. प्रसूतिगृहात बाळ रडले, त्याचे ठोके लागले, त्याला अतिदक्षता विभागात नेले, असे काहीही घडले असेल, तर कागदावर उपजत मृत्यू लिहू देऊ नका. तुमच्या बाळाला जन्मदाखल्याचा हक्क आहे आणि त्या दाखल्यावर त्याचे नावही घालता येते.

गरोदरपण २८ आठवडे पूर्ण होण्याआधी संपले आणि बाळ जिवंत जन्मले नाही, तर भारतात जन्म-मृत्यू नोंदणीखाली कोणतीही नोंद होत नाही. त्याबद्दल पुढे आठव्या मुद्द्यात सविस्तर लिहिले आहे.

जुळ्यांच्या बाबतीत प्रत्येक बाळाचा अर्ज वेगळा भरायचा असतो. एक बाळ जगले आणि एक गेले, तर जगलेल्याचा नमुना १ आणि गेलेल्याचा नमुना ३ भरला जातो, आणि दोन्ही अर्जांवर जुळ्यांचा उल्लेख असतो. जगलेल्या बाळाच्या धावपळीत दुसऱ्याचा अर्ज राहून जाण्याची शक्यता फार असते, म्हणून ते काम घरातल्या एका माणसाकडे सोपवून द्या.

२. रुग्णालय सोडण्यापूर्वी ही कागदपत्रे हातात घ्या

घरी गेल्यावर पुन्हा त्या इमारतीत पाऊल ठेवणे आईसाठी किती अवघड असते हे वेगळे सांगायला नको, त्यामुळे शक्य तेवढे त्याच वेळी मिळवा.

- डिस्चार्ज कार्ड. त्यावर गरोदरपणाचे पूर्ण झालेले आठवडे, प्रसूतीची तारीख व वेळ, बाळाचे वजन आणि लिंग लिहिलेले असावे.
- उपजत मृत्यू झाल्याचे डॉक्टरांचे सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र.
- शेवटच्या सोनोग्राफीचा अहवाल आणि शक्य असल्यास पहिल्या तिमाहीतलाही, कारण आठवड्यांचा हिशेब त्यावरून पक्का होतो.
- माता व बाल संरक्षण कार्ड.
- वारेची (प्लॅसेंटाची) किंवा बाळाची तपासणी पाठवली असेल तर तिची पावती.

यांपैकी डिस्चार्ज कार्ड तिथेच उभे राहून ओळ न् ओळ वाचा. त्यावर 'आययूएफडी' म्हणजे पोटातच बाळाचा मृत्यू, 'फ्रेश स्टिलबर्थ' म्हणजे प्रसूतीच्या सुमारास गेलेले बाळ किंवा 'मॅसरेटेड स्टिलबर्थ' म्हणजे त्याच्या काही काळ आधीच पोटात गेलेले बाळ, अशा नोंदी असतात. २८ आठवड्यांच्या आधीचे असेल तर 'मिस्ड अबॉर्शन' (गर्भ पोटातच गेला पण बाहेर पडला नाही) किंवा 'स्पॉन्टेनियस अबॉर्शन' (आपोआप झालेला गर्भपात) लिहिलेले दिसते. वैद्यकीय भाषेत आपोआप झालेल्या गर्भपातालाही अबॉर्शनच म्हणतात, त्यामुळे तो शब्द वाचून कुणी आपल्यावर ठपका ठेवला असे समजू नका. आठवड्यांचा आकडा मात्र बारकाईने तपासा. 'सातवा महिना' असे मोघम लिहिलेले कार्ड पुढे नोंदणीलाही उपयोगी पडत नाही आणि रजेलाही नाही. '२९ आठवडे ३ दिवस' असे स्पष्ट लिहून घ्या.

आणखी एक मागणी प्रसूतीच्या आधीच करावी लागते. बाळ का गेले हे कळावे असे वाटत असेल, तर वार तपासणीसाठी पाठवायला सांगा. नमुना ३ मध्ये मृत्यूचे कारण, माहीत असल्यास, लिहिण्याचा रकाना असतो आणि एकदा वार टाकून दिली की त्या रकान्यात लिहायला काही उरत नाही.

३. बाळाचा देह तुम्हाला हवा आहे की नाही, हे स्पष्ट सांगा

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार जीवनक्षम मानल्या जाणाऱ्या काळाच्या आधीचा गर्भ मानवी अवयव व ऊतींच्या वर्गात, म्हणजे पिवळ्या पिशवीत जातो आणि रुग्णालय त्याची विल्हेवाट लावते. हे वाक्य लिहितानाही हात थांबतो, पण ते आधी माहीत असणे आवश्यक आहे, कारण ही प्रक्रिया तुम्हाला विचारण्यासाठी थांबेलच असे नाही. तुम्हाला बाळाला पाहायचे असेल, हातात घ्यायचे असेल, त्याचे फोटो किंवा पावलांचे ठसे ठेवायचे असतील, त्याचे दफन करायचे असेल, तर प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीनंतर तत्काळ डॉक्टरांना आणि प्रमुख परिचारिकेला तसे सांगा आणि केसपेपरवर लिहायला लावा. दफनभूमीवर रुग्णालयाचे प्रमाणपत्र मागतात, म्हणून मूळ प्रत जवळ ठेवून झेरॉक्स तिथे द्या आणि तिथली पावतीही जपून ठेवा.

४. नोंद कुठे होते आणि किती दिवसांत

घटनेपासून २१ दिवसांच्या आत नोंद झाली पाहिजे आणि ती जिथे प्रसूती झाली त्याच ठिकाणच्या निबंधकाकडे होते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, त्यामुळे हा नियम हमखास आड येतो. सासर पुण्यात आणि प्रसूती साताऱ्यात झाली असेल, तर पुण्याचे कार्यालय नोंद घेणार नाही. त्यासाठी साताऱ्यालाच जावे लागेल. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हे निबंधक असतात, तर शहरात नगरपालिका किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागातील जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात हे काम चालते.

प्रसूती रुग्णालयात झाली असेल, तर निबंधकाला कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याची आहे, तुमची नाही. तुमचे काम एवढेच, की त्यांनी ती माहिती खरोखर पाठवली का याची खात्री करून घेणे. घरी प्रसूती झाली असेल, तर कुटुंबप्रमुखाने कळवायचे असते आणि आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यात मदत करतात. रुग्णवाहिकेत, वाटेत प्रसूती झाली, तर वाहनाच्या प्रभारी व्यक्तीने वाहन पहिल्यांदा जिथे थांबते तिथे माहिती द्यावी असा नियम आहे. अशा वेळी कोणत्या हद्दीत नोंद गेली हे त्या दिवशीच विचारून लिहून ठेवा.

५. नमुना ३ कसा असतो

हा अर्ज दोन भागांत असतो. कायदेशीर माहितीच्या भागात जन्माची तारीख, लिंग, वडिलांचे नाव, आईचे नाव, जन्माचे ठिकाण आणि माहिती देणाऱ्याचे नाव व पत्ता एवढेच असते. सांख्यिकी माहितीच्या भागात आईचे राहण्याचे गाव, वय, शिक्षण, प्रसूतीच्या वेळी कुणाची मदत होती, गरोदरपणाचे आठवडे आणि मृत्यूचे कारण विचारलेले असते. बाळाच्या नावाचा रकाना यात नाही. आम्ही नाव ठरवले होते आणि ते कुठे लिहायचे हे शोधत मी तो कागद उलटून पालटून पाहिला होता. हा रकाना असायला हवा, त्याने शासनाचा काही तोटा होणार नाही आणि आई-वडिलांना फार मोठा आधार मिळेल, असे माझे ठाम मत आहे. आजच्या घडीला मात्र नाव घरीच जपून ठेवावे लागते.

अर्ज भरताना आईच्या नावाकडे विशेष लक्ष द्या. आधार कार्डावर माहेरचे नाव, रुग्णालयात सासरचे आणि बँकेत तिसरेच, अशी स्थिती अनेक घरांत असते. जे नाव रजेच्या किंवा इतर कामाच्या कागदांवर आहे, तेच नोंदीत येईल असे पाहा. दोघांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा.

६. नोंदीचा पुरावा मागून घ्या

नियमांत प्रमाणपत्राचे जे ठरावीक नमुने आहेत ते जन्मासाठी नमुना ५ आणि मृत्यूसाठी नमुना ६ असे आहेत. त्यामुळे 'उपजत मृत्यूचा दाखला द्या' असे म्हटल्यावर पुष्कळदा 'असा दाखला नसतो' हे उत्तर मिळते आणि माणसे परत फिरतात. परत फिरू नका. कायद्याच्या कलम १७ नुसार कोणालाही नोंदवहीतली नोंद शोधायला लावून तिचे प्रमाणपत्र (२०२३ च्या दुरुस्तीपूर्वी तिचा उतारा) ठरलेले शुल्क भरून मागता येते. 'जन्म' या शब्दात मृत जन्मही येत असल्यामुळे हे प्रमाणपत्र मागण्याचा आधार तुमच्याकडे आहे. अर्ज लेखी करा आणि त्यात पुढीलप्रमाणे मजकूर ठेवा :

'दिनांक … रोजी … रुग्णालय, … येथे आमच्या बाळाचा उपजत मृत्यू झाला असून त्याची नोंद आपल्या कार्यालयातील उपजत मृत्यू नोंदवहीत झालेली आहे. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार सदर नोंदीचे प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.'

दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. नोंदणी क्रमांक ठाऊक असेल तर अर्जात तो अवश्य लिहा, त्याने शोध सोपा होतो. या प्रमाणपत्रात मृत्यूचे कारण दिले जात नाही, कारण कायद्यानेच ते उघड करण्यास मनाई आहे, तेव्हा कारणासाठी रुग्णालयाची कागदपत्रेच जपावी लागतात.

७. उशीर झाला, चूक राहिली किंवा नकार मिळाला तर

२१ दिवस उलटले पण ३० दिवस झाले नसतील, तर विलंब शुल्क भरून नोंद होते. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत असाल, तर सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शुल्क आणि स्वयंसाक्षांकित कागदपत्र लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने यासाठीची शपथपत्राची अट काढून टाकली आहे, त्यामुळे जुन्या सवयीने कुणी स्टॅम्प पेपर आणायला पाठवले तर ही दुरुस्ती नम्रपणे दाखवा. वर्ष उलटून गेले असेल, तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि ते घटनेची सत्यता तपासतात. डिस्चार्ज कार्ड नीट असेल तर हा मार्गही बंद नसतो, पण तो लांबचा आहे.

नोंदीत चूक राहिली, तर कलम १५ खाली दुरुस्ती मागता येते. जिवंत जन्मलेल्या बाळाची नोंद उपजत मृत्यू म्हणून झाली असेल, तर नवजात विभागाची कागदपत्रे आणि रुग्णालयाचे पत्र जोडून हाच अर्ज करा. निबंधकाने काही करण्यास नकार दिला, तर ३० दिवसांच्या आत जिल्हा निबंधकाकडे अपील करण्याची सोय त्याच २०२३ च्या दुरुस्तीने दिली आहे आणि त्यावर ९० दिवसांत निर्णय द्यावा असे बंधन आहे. नकार तोंडी असेल तर अपिलाला आधार राहत नाही. म्हणून प्रत्येक वेळी लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर मागा.

८. २८ आठवड्यांच्या आत बाळ गेले असेल तर

इथे सरकारी नोंदवही नाही, आणि हे वाचून वाईट वाटणे साहजिक आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून २४ आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळांसाठी आई-वडिलांच्या इच्छेनुसार सरकारतर्फे प्रमाणपत्र दिले जाते. त्याने कोणताही कायदेशीर लाभ मिळत नाही, तरीही बाळ होते हे शासनाने मान्य केलेले असते. आपल्याकडे अशी सोय व्हावी यासाठी आई-वडिलांनीच आवाज उठवायला हवा. तोवर डॉक्टरांच्या लेटरहेडवर गरोदरपणाचे आठवडे, गर्भपाताची तारीख आणि तो आपोआप झाल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र घ्या. सोनोग्राफीचे अहवाल, रक्ततपासणी आणि ऊतींच्या तपासणीचा अहवाल यांसह ते एका फाइलमध्ये ठेवा. रजेसाठी हीच फाइल पुरावा ठरते. घरच्या घरी गर्भपात झाला असेल, तरी दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या, कारण आरोग्यासाठी ते आवश्यक आहेच आणि त्याशिवाय नंतर कोणी प्रमाणपत्र देत नाही.

९. रजेचा हक्क

नोंदणीचा कायदा २८ आठवड्यांची रेषा आखतो, तर मातृत्व रजेचा कायदा २६ आठवड्यांची, आणि या फरकामुळे कार्यालयातले लोकही चकतात. १९६१ चा मातृत्व लाभ अधिनियम आणि त्यातील तरतुदी पुढे नेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० यांच्यानुसार २६ व्या आठवड्यापर्यंत गरोदरपण संपले तर तो गर्भपात धरला जातो आणि त्यानंतरच्या लगतच्या सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यामुळे आजारपण आले, तर आणखी एक महिन्यापर्यंतची रजा मागता येते. २६ वा आठवडा उलटल्यानंतर बाळ मृत जन्मले तर ती प्रसूतीच ठरते, कारण या कायद्यात 'मूल' या शब्दात मृत जन्मलेले मूलही येते. अशा आईला पूर्ण मातृत्व रजा मिळते, म्हणजे दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असतील तर २६ आठवडे. 'बाळच नाही तर रजा कशाला' असे मनुष्यबळ विभागातून ऐकू आले, तर ही व्याख्या लेखी कळवा. प्रसूती रजेसाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे लागते. सत्ताविसाव्या आठवड्यात बाळ गेले असेल, तर उपजत मृत्यूची नोंद होणार नाही पण रजा पूर्ण मिळेल, आणि त्या वेळी कार्डावरचा आठवड्यांचा आकडाच कामी येतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या स्त्रियांनाही गर्भपातासाठी सहा आठवड्यांचा लाभ आहे. केंद्र सरकारच्या सेवेतील स्त्रियांसाठी संपूर्ण सेवाकाळात मिळून ४५ दिवसांची गर्भपात रजा आहे. त्याशिवाय सप्टेंबर २०२२ च्या आदेशानुसार उपजत मृत्यू झाल्यास किंवा जन्मानंतर २८ दिवसांत बाळ गेल्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा मिळते. या विशेष रजेला दोन अटी आहेत : हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असावीत आणि प्रसूती शासकीय किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात झालेली असावी. तातडीने दुसऱ्या रुग्णालयात जावे लागले असेल, तर तिथून आणीबाणीचे प्रमाणपत्र घ्या.

१०. पुढच्या गरोदरपणाच्या वेळी

केसपेपरवर 'जी', 'पी', 'ए', 'एल' ही अक्षरे आणि त्यांच्यापुढे आकडे लिहितात. 'जी' म्हणजे एकूण गरोदरपणे, 'पी' म्हणजे बाळ बाहेर जगू शकेल अशा टप्प्यापर्यंत पोहोचून झालेल्या प्रसूती, 'ए' म्हणजे गर्भपात आणि 'एल' म्हणजे हयात मुले. उपजत मृत्यू 'पी' मध्ये मोजला जातो. नव्या रुग्णालयात नाव घालताना 'पहिलटकरीण' असे लिहिले जात असेल तर तिथेच दुरुस्त करा आणि जुनी फाइल दाखवा, कारण या आकड्यांवरून डॉक्टर किती जवळून लक्ष ठेवायचे ते ठरवतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा लाभ आधी घेतलेला असला तरी गर्भपात किंवा उपजत मृत्यूनंतरच्या गरोदरपणात तुम्हाला नव्याने लाभार्थी धरले जाते. त्यासाठी अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवताना आधीच्या बाळाच्या नोंदीचे प्रमाणपत्र किंवा डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा.